पोळ्यात वाजलेला हॉर्न

१

हॉर्न वाजवला म्हणून माणसाला कोठडीत घालतात, हे मी वकिलीत पहिल्यांदाच पाहिलं. आता त्याला बरीच वर्षं झाली, पण आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, "तुमचं डोकं फिरायला निमित्त कशाला लागतं?" तिचंही खरं आहे. पण आधी गोष्ट ऐका, मग सांगा.

सत्तावन्न सालचा पोळा. बोरी अरबच्या पुढचं एक गाव. नाव सांगत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. तोरणाखाली गावचे सगळे बैल अंगावर झुली, कपाळाला मठाठ्या घालून रांगेत उभे होते. पोळ्यात एकमेकांवर फेकायच्या झडत्यांना, त्या कवनांना, रंग चढला होता. एवढ्यात किसनराव पाटलाची मोटार मैदानाच्या कडेला आली. गावातली ती एकुलती एक मोटार. आत ड्रायव्हर एकटा. कडुनिंबाच्या सावलीत लावायला म्हणून त्याने ती वळवली आणि हॉर्न सुरू झाला. थांबून थांबून नाही. एकच सलग, कानठळ्या बसवणारा.

बैल बुजले, रांग मोडली, तोरणाचा खांब आडवा झाला. म्हातारा डोमाजी आपल्या जोडीचा कासरा सोडीना. जोडीने त्याला फरफटत नेलं आणि मागचे बैल त्याच्यावरून गेले. मांडीचं हाड मोडलं. लोक मोटारीकडे धावले, ड्रायव्हरला कॉलर धरून बाहेर ओढलं, आणि त्याच क्षणी हॉर्न बंद पडला.

झालं! माणूस ओढला, हॉर्न थांबला; म्हणजे हात त्याचाच. गावाचा तपास तिथेच संपला आणि फौजदारांचाही.

ड्रायव्हरचं नाव धर्मपाल. लढाईच्या काळात पलटणीत ट्रक चालवलेला माणूस. आदल्या वर्षी दीक्षा घेतली तेव्हा हे नाव त्याने घेतलं. पाटील मात्र त्याला जुन्याच नावाने हाक मारायचा. दीक्षेपासून त्याच्या वस्तीने गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं, पोळ्यात डफडं वाजवणंही सोडलं. त्यांच्या डफड्याशिवायचा हा पहिला पोळा. त्यामुळे हॉर्न मुद्दाम वाजवला, हे लोकांना हॉर्न वाजण्याआधीच पटलेलं होतं.

२

धर्मपालची बायको कौसल्या दारव्ह्याला माझ्या घरी आली ती पायी. ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, त्याईनं हॉर्न नाई वाजवला."

"मग कोणी वाजवला?"

"हेच तर कोनी इचारून नाई राह्यलं. ते म्हणतेत, चाक वळवलं अन् आपोआप सुरू झाला. फौजदार म्हणते, मोटार काय भुताची हाये?"

मग तिने गावची कथा सांगितली. वस्तीला किराणा बंद. गिरणीवर दळण बंद. ऐन निंदणाच्या दिवसांत एकाही बाईला वावरात बोलावणं नाही. पाटलाने तोडगा काढला होता: धर्मपालने तोरणाखाली नाक घासावं, आणि वस्तीने पहिल्यासारखी ढोरं ओढावी, डफडं वाजवावं. मग केस मागे. बाजाराच्या दिवसापर्यंत मुदत.

"वस्तीतले म्हातारे म्हणून राह्यले, घासू दे नाक, लेकरं उपाशी हायेत," कौसल्या म्हणाली. "मले सांगा साहेब, जे केलंच नाई त्याच्यासाठी नाक कायले घासाचं?"

माझं डोकं फिरलं. आता हॉर्नचा आणि मेलेल्या ढोरांचा संबंध काय? हॉर्न वाजला एका मोटारीचा, आणि त्याची भरपाई म्हणून सगळ्या वस्तीने पुन्हा मान खाली घालायची! हा न्याय की सावकारी?

पण एक गोष्ट तिला सांगणं भाग होतं. "बाई, किसनराव माझा सख्खा मावसभाऊ आहे."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "म्हणूनच आली. त्याईच्या घरात सैपाकघरापर्यंत तुमालेच जाता येते."

३

कोठडीत धर्मपालचा ओठ फाटलेला होता आणि एक डोळा सुजून बंद झाला होता. मी नमस्कार केला तर तो उठून उभा राहिला.

"चाक डाव्या अंगाले पूर्ण वळवलं, तवा सुरू झाला," तो म्हणाला. "मी बटण ठोकून पाह्यलं, ओढून पाह्यलं. थांबेच ना. मंग मले धरलं."

"ओढलं तेव्हा तुझे हात कुठे होते?"

"चाकालेच धरून होतो साहेब. जीव वाचवाले माणूस दुसरं काय धरन? मले ओढलं तसं चाकबी उलटं फिरलं."

"याआधी कधी असा आपोआप वाजला होता?"

"कधीच नाई. आदल्या दिवशी तर यवतमाळले जाऊन आलतो. किती वळणं घेतली. एक डाव नाई."

डोमाजी दवाखान्यात पडून होता. ज्याचं हाड मोडलं त्याचं काय म्हणणं आहे, हे कोणाला तरी विचारावंसं वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतं का? मला वाटलं होतं. मी मूर्ख.

"मी जोडी धरून उभा, तोंड मोटारीकडे," डोमाजी कण्हत म्हणाला. "पोराचे दोन्ही हात चाकाच्या कडेले होते. अन् चेहरा असा, जसं तोच बुजला होता. बटण तर मधात असते ना? हॉर्न सुरू झाला तवा मधात हात नव्हता गा त्याचा."

"हे फौजदारांना सांगितलंत?"

"मले इचारलं कोनं?"

पाहा! हाड याचं मोडलं, याच्या नावाने वस्तीचं मीठ बंद झालं, आणि याला कोणी विचारलं नाही!

माझ्याकडेही एक जुनाट मोटार आहे, आणि तिने एकदा भर बाजारात माझी अशीच शोभा केली होती. म्हणून मला एवढं ठाऊक आहे: हॉर्नला वीज कायम मिळतच असते. त्याच्यापासून एक तार बटणापर्यंत जाते. बटण दाबलं की ती तार लोखंडाला टेकते आणि हॉर्न वाजतो. पण तीच तार वाटेत कुठे उघडी पडली आणि लोखंडाला लागली, तर बटणाची गरज उरत नाही. कोणी हात न लावता हॉर्न बोंबलतो. ही तार चाकाच्या दांड्यातून खाली उतरते, आणि तिथेच चाकाबरोबर हलणारा एक लोखंडी हात असतो. चाक पूर्ण वळलं की तो तारेला भिडणार, चाक उलट फिरलं की सुटणार.

धर्मपालचं बोलणं याच्याशी तंतोतंत जुळत होतं. अडचण एकच होती. पोळ्यानंतर पाटलाने यवतमाळहून मिस्त्री आणून मोटार तपासून घेतली होती. चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, हॉर्न आपोआप वाजला नाही. मिस्त्रीने फौजदारांसमोर सांगितलं, तारा शाबूत आहेत.

मिस्त्री परका माणूस, त्याला खोटं बोलायचं कारण नव्हतं. धर्मपालही खरं बोलत होता. मग पोळा आणि मिस्त्री यांच्या मधे त्या मोटारीला कोणाचा हात लागला होता?

४

"ये सदाशिव, ये!" किसनरावने मला मिठीच मारली. वयाने तो मोठा, पण या गोष्टीत मी त्याला एकेरीतच म्हणणार. "घरचा वकील आला. केस अशी पक्की बांध की पुन्हा कोनाची हिंमत नाई झाली पाह्यजे."

"किसनभाऊ, ड्रायव्हर नसेल तर आता मोटारीचं कसं?"

"अरे, डायवर तर आत्ता आत्ता ठेवला. इतके वर्षं हिचं सगळं मीच करून राह्यलो. इंजिन खोलतो अन् बसवतो. आपल्याले मिस्त्री लागत नाई."

"मग यवतमाळचा मिस्त्री कशाला आणलात?"

तो हसला. "फौजदाराले दाखवाले."

हे वाक्य मी मनात ठेवलं आणि गोठ्याकडे गेलो. मोटार गोठ्याला लागूनच, सरकीची पोती ठेवतात त्या छपरात उभी असे. तिथे रूपसिंग होता. तांड्यावरचा हा गडी पाटलाकडे सालाने राहिलेला. धर्मपाल गेला तर चाक आपल्या हाती येईल अशी त्याला आशा होती, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मलाही आधी त्याचाच संशय आला. मी सरळ विचारलं, "रूपसिंग, पोळ्याच्या आधी तू मोटारीला हात लावलास?"

"झाकण उघडलं होतं साहेब," तो घाबरून म्हणाला. "आदल्या सांजेले. पाटलाच्या मायनंच सांगितलं होतं."

"आणि रात्री इथे कोण होतं?"

"मीच. सरकीच्या पोत्यावर झोपतो. पण उंदरं कुठं झोपू देतेत? त्या रात्री तर मोटारीतच खडखड चाल्ली होती."

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मोटारीला कोणी हात लावला?"

"मले नाई माहीत. मले पाटलानं पहाटेच वावरात पाठवलं. दिवसभर येऊ नको म्हणे."

"करीच्या दिवशी वावरात?"

रूपसिंगने मान खाली घातली. पोळ्याच्या करीला आमच्याकडे कोणी बैलाला हात लावत नाही की वावरात पाऊल टाकत नाही. त्या दिवशी गड्याला शेतात पाठवणारा पाटील मी तरी पाहिला नव्हता.

मावशीने जेवायला हाक मारली. मैनामावशी म्हणजे किसनरावची आई. माझी आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. तिच्यासमोर बसलो की माझा आवाज आपोआप खाली येतो.

"मावशी, त्या दिवशी संध्याकाळी मोटारीचं झाकण कशाला उघडायला लावलंस गं?"

"अरे, खांद शेकाले!" ती पोळी वाढत म्हणाली. "बैलाईची शेकतो, मंग तिची काहून नाई? तिनं बी वर्षभर ओझं वाह्यलं ना बाप्पा. तिले खांदा कुठं हाये ते मले काय माहीत? झाकणाखाली साऱ्या नसा दिसल्या. एक नस नाई सोडली, तुपा-हळदीनं चांगल्या चोळल्या. अन् आवतन देल्लं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी हसलो. बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळायची रीत मोटारीला लावणं माझ्या मावशीलाच सुचणार. मग घास हातातच राहिला.

"मावशी, तूप लावलंस? तारांना?"

"घरचं तूप, लोणकढं," मावशी म्हणाली. "काहून?"

मी ताटावरून तसाच उठलो.

५

छपरात जाऊन मोटारीचं झाकण उघडलं आणि बराच वेळ पाहत राहिलो. मग दारव्ह्याला जाऊन फौजदारांना घेऊन आलो. ते कुरकुरत आले. पाटलाच्या अंगणात गावकरी जमले, वस्तीतले म्हातारे अंतर राखून उभे राहिले. कौसल्या मात्र पुढे आली. मी मोटार ढकलून अंगणात घ्यायला लावली आणि झाकण उघडलं.

"फौजदारसाहेब, तारा कशा दिसतात?"

"पिवळ्या," ते म्हणाले. "हळद आहे काय ही?"

"मावशी, सांग."

मावशीने खांद शेकल्याचं सगळं सांगितलं. बायका हसल्या. किसनराव हसला नाही.

"वर्षातून एकाच संध्याकाळी खांद शेकतात," मी म्हणालो. "पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. म्हणजे ही हळद तेव्हाचीच. आता ही तार पाहा. चाकाच्या दांड्यातून हॉर्नकडे जाते ती."

फौजदार वाकले. आजूबाजूच्या सगळ्या तारांवर हळदीचं पिवळं किटण होतं, मागचा पत्राही पिवळा झाला होता. मधून जाणारी तेवढी एक तार कोरी करकरीत होती.

"मावशी, ही एक सोडली होतीस का?"

"छ्या! शेजारच्याले लावून हिले काहून सोडीन? सगळ्या लावल्या मी."

"मग हिची हळद गेली कुठे? पुसली म्हणावी तर शेजारच्या तारांची का नाही पुसली? हळद गेली नाही, फौजदारसाहेब. तारच गेली. हळद लावून झाल्यावर कोणीतरी जुनी तार काढून ही नवी घातली. आता तिच्या शेजारची पाहा."

शेजारच्या तारेचं सुती वेष्टण एका जागी कुरतडलेलं होतं. अगदी तांब्यापर्यंत नाही, पण दातांच्या खुणा स्पष्ट होत्या, आणि खालच्या पत्र्यावर उंदरांच्या लेंड्या पडल्या होत्या.

"सरकीचं छप्पर, उंदरांचं राज्य, आणि त्यात तारांना लोणकढं तूप! त्यांना तर पोळ्याच्या आधीच जेवण मिळालं. हॉर्नची तार त्यांनी उघडी केली. घरून मैदानापर्यंत रस्ता सरळ, म्हणून वाटेत काही झालं नाही. कडुनिंबाखाली चाक पूर्ण वळलं, लोखंडी हात उघड्या तारेला भिडला आणि हॉर्न बोंबलला. तुम्ही धर्मपालला ओढलंत, त्याच्या हाताबरोबर चाक उलट फिरलं आणि तार सुटली. तुमचा पुरावा तो हाच. त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा तुम्ही त्याच्या गुन्ह्याचा म्हणून नाचवलात!"

माझा आवाज चढला होता. मी तो खाली आणला नाही.

"इथवर कोणाचीच लबाडी नाही. उंदीर आणि तूप. पण मिस्त्रीला तार शाबूत दिसली, म्हणजे ती त्याच्या आधी बदलली. कोणी? धर्मपाल कोठडीत. रूपसिंगला मोटारीचं काम येत नाही. आणि त्याला तर करीच्या दिवशी पहाटेच वावरात पाठवलेलं. ते छप्पर त्या दिवशी कोणाला रिकामं हवं होतं, किसनभाऊ? आपल्याला मिस्त्री लागत नाही, असं मला कोण म्हणालं?"

किसनराव खवळून उठला. "अरे, घरचा वकील म्हणून..."

"किसन," मावशी म्हणाली.

तो तिच्याकडे वळला.

"तार तू बदलली?"

तो पुन्हा खाली बसला. "माय, तुह्यासाठी केलं. गाव म्हटलं असतं, पाटलाच्या मायनं पोळा मोडला. अन् तसं बी ते लोक लय माजले होते. म्हटलं, चालून आलं तर..."

"माह्या नावावर नको टाकू!" मावशी उभी राहिली. मी तिला इतक्या वर्षांत कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "मले वाचवाचं होतं तर मले इचारलं असतं. तुले वस्तीले वाकवाचं होतं." मग ती फौजदारांकडे वळली. "साहेब, तूप म्या लावलं. हॉर्न माह्यामुळे वाजला. डोमाजीचं हाड माह्यामुळे मोडलं. न्या मले कोठडीत. तोरणाखाली नाक घासाचं असन तर म्या घासीन."

अंगणात एकच गलका झाला. "आई, असं काय बोलता!" "आजीनं तर मायेनं केलं." "चुकून होतं माणसाच्या हातून." फौजदारसुद्धा हात जोडून म्हणाले, "आई, तुम्ही बसा, तुम्हाला कोण काय करणार आहे?"

माझ्या मावशीला एका दमात माफी मिळाली. कोणी तिची कॉलर धरली नाही, कोणी तिच्या घरचं मीठ बंद केलं नाही. मला तिच्याबद्दल बरं वाटलं आणि त्याच वेळी संतापही आला. मी वस्तीतल्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते अजून अंतर राखूनच उभे होते.

६

बाजाराच्या दिवशी सकाळी धर्मपाल सुटला. त्याला आणि कौसल्याला मी माझ्या मोटारीतून गावापर्यंत नेलं. वाटेत मी बराच बोललो. पुरावा लपवल्याबद्दल किसनरावावर काय काय लावता येईल, नुकसानभरपाई कशी मागता येईल, हळदीची गोष्ट फौजदारांच्या गळी कशी उतरवली. स्वतःवर मी चांगलाच खूश होतो, हे कबूल करतो.

वेशीपाशी रूपसिंग निरोप घेऊन उभा होता. पाटील म्हणतात, झालं गेलं विसरून जा, नोकरीवर परत ये.

धर्मपालने निरोप ऐकून घेतला. मोटारीतून उतरला, दार लावलं आणि खिडकीशी वाकून म्हणाला, "वकीलसाहेब, एक इचारू काय?"

"विचार की."

"उंदरानं तार खाल्ली म्हणून मी सुटलो. अन् खरंच मी वाजवला असता तर?"

"म्हणजे?"

"समजा मले राग आलता अन् मी बटण दाबलं. डोमाजीबुवाचं हाड मोडलं, त्याची सजा मले द्या, मी भोगीन. पण मंग लेकराईचं मीठ बंद करणं बरोबर ठरलं असतं काय? वस्तीनं ढोरं ओढाले पाह्यजे होती काय?"

इतके दिवस मी एकच गोष्ट सिद्ध करत धावत होतो, की त्याने वाजवला नाही. जणू वाजवला असता तर बाकीचं सगळं रास्तच होतं.

"त्याईले कायले इचारता?" कौसल्या नवऱ्याला म्हणाली. "त्याईनं थोडीच बंद केलतं? ज्याईनं केलं त्याईले इचारा. आज बाजार हाये, समदे एकाच जागी सापडतीन."

धर्मपालने मान हलवली. आणि वस्तीची वाट सोडून ती दोघं सरळ बाजाराकडे निघाली.